दहा गुणांचा मावळा

आमच्या लाटंबार्सेत दिवाळीची पहाट नरकासुराची. आदल्या रात्री पोरं गवत, कागद आणि बांबूचा नरकासुर उभा करतात आणि उजाडायच्या आत जाळून टाकतात. किल्ला मी लहानपणी कधी केला नाही. गेल्या वर्षी मात्र आमच्या अंगणात किल्लाही झाला. ताई कोल्हापूरहून तिलारी घाटाने, दोडामार्गमार्गे आली, ती भाच्याला आणि त्याच्या पिशवीभर मावळ्यांना घेऊन.

तांबडी माती आणि चिऱ्यांचे तुकडे यांची आमच्याकडे काय कमी! दुपारपर्यंत किल्ला तयार. मावळे मांडून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आता?"

"आता लढाई," मी म्हटलं.

बंगळुरूला मी मित्रांबरोबर वॉरहॅमर खेळतो. १९८३ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा खेळ. बोटभर उंचीचे योद्धे, राक्षस, उंदीरमाणसं रंगवायची, टेबलावर फौजा मांडायच्या, फूटपट्टीने अंतर मोजून चाल करायची आणि फाशांवर लढायचं. प्रत्येक बाहुलीची किंमत गुणांत ठरलेली असते. दोघांना सारखे गुण मिळतात. त्यात थोडे महागडे वीर घ्यायचे की पुष्कळ स्वस्त शिपाई, हे ज्याचं त्याने ठरवायचं. हेच नियम थोडे सोपे करून मी मावळ्यांना लावले.

भाच्याने घोड्यावरचा सरदार घेतला, दोनशे गुणांचा. त्याने माझ्या तुकडीला द्वंद्वाचं आव्हान दिलं. या खेळात आव्हान नाकारलं, तर आपल्या वीराला मागच्या रांगेत जाऊन गप्प उभं राहावं लागतं. स्वीकारलं, तर तो मरणार. यावर जुन्या खेळाडूंची एक युक्ती आहे. तुकडीत दहा गुणांचा एक किरकोळ नायक ठेवायचा आणि आव्हान आलं की त्याला पुढे करायचं. तो मरतोच. पण सरदाराची ती फेरी त्या एकट्याला मारण्यात जाते. बाकीची तुकडी आणि आपला खरा वीर शाबूत राहतात.

मी तेच केलं. सरदाराने माझा भालेवाला एका फटक्यात मारला. पुढच्याच फेरीत माझ्या घोडेस्वारांनी सरदाराला बाजूने गाठलं. डाव माझा.

भाचा रडला नाही, चिडलाही नाही. मेलेला भालेवाला उचलून त्याने विचारलं, "याचं नाव काय होतं?"

त्याच्या सगळ्या मावळ्यांना नावं होती. माझ्या फौजेला नव्हती.

मी त्याला बुद्धिबळ समजावलं. वजिराची किंमत नऊ, प्याद्याची एक. चांगली जागा मिळत असेल, तर प्यादं देतात. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शिवा काशीद पण प्यादंच का?"

कोल्हापूरचं पोर. पन्हाळा त्याने कितीदा तरी पाहिलेला. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसले आणि पकडले गेले, ही गोष्ट त्याला माझ्याहून नीट ठाऊक. वरवर पाहिलं तर युक्ती तीच. एकाला पुढे करायचं, शत्रूचा वेळ खायचा.

"नाही रे," मी म्हटलं.

"का नाही?"

मला पटकन सांगता येईना. शेवटी त्यानेच सांगितलं, "त्यांना माहीत होतं ना, पालखीत बसल्यावर काय होणार ते. आणि त्यांची समाधी आहे."

पोराने दोन वाक्यांत संपवलं. मी मात्र अंगणात बसून राहिलो, कारण मला पन्हाळा नाही, ऑफिस आठवत होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमचं एक काम मुदतीत होणार नव्हतं. मी टीम लीड. मला हे महिनाभर आधीच कळलं होतं. ग्राहकाबरोबरच्या मीटिंगला मी टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलाला पाठवलं. "तुला अनुभव मिळेल," असं म्हणालो. त्याने तासभर बोलणी खाल्ली. नवखा आहे म्हणून ग्राहकाने आठवडाभर मुदत वाढवून दिली आणि तेवढ्यात आम्ही काम उरकलं. नंतर अभिनंदनाची ईमेल गेली, त्यात त्याचं नाव राहून गेलं. ती ईमेल मीच लिहिली होती. तीन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली.

माझ्या हिशेबात तो दहा गुणांचा होता. युक्ती चालली, म्हणून मी पुन्हा विचारही केला नव्हता.

त्या रात्री बाहेर नरकासुराभोवती ढोल वाजत होते. मी त्याला मेसेज केला. मुदत चुकणार हे मला आधीपासून ठाऊक होतं आणि तरी तुला पुढे केलं, हे सरळ लिहिलं. माफी मागितली. दोन दिवसांनी उत्तर आलं : "मला इतके दिवस वाटत होतं, तुम्हाला माहीत नव्हतं."

त्यापुढे काही नव्हतं. रागावला असता, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा खेळलो. भाच्याने एक नियम वाढवला. ज्याला मरायला पाठवायचं, त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि त्याला का पाठवतोय ते सांगायचं. मला वाटलं, आता हा कुणालाच पाठवणार नाही. पण तिसऱ्या फेरीत त्याने एक छोटा ढालवाला उचलला. "बाळू, तू मरणार आहेस. पण तू थांबवलंस, तर हे सगळे गडावर पोचतील." बाळू मेला आणि भाचा जिंकला.

खेळ आवरताना त्याने बाळूला पिशवीत टाकलं नाही. किल्ल्याच्या सगळ्यांत वरच्या बुरुजावर ठेवलं आणि पुढे झेंडूचं एक फूल वाहिलं.

अवघड मीटिंगला आता मी स्वतः जातो. कधी दुसऱ्या कुणाला पाठवावंच लागलं, तर आधी त्याला सगळं खरं सांगतो. एकदोघांनी "नको" म्हटलंय. मग मीच गेलो.