उपमा विथ लेक-व्ह्यू!

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थेट भंडारदरा! रात्री उशिरा टेंटमध्ये शिरलो. पहाटे साडेसहाला चेन उघडून बाहेर डोकावलं तर समोर आर्थर लेकवर धुकं आणि त्यामागे डोंगरांची रांग. एकदम वॉलपेपर! पण डिसेंबरची थंडी आणि पोटात ओरडणारे कावळे... वॉलपेपरने पोट थोडंच भरतं?

प्लॅन होता कांदेपोह्यांचा. सुरी बोथट, वाऱ्याने गॅस तीनदा विझलेला आणि भिजवलेल्या पोह्यांचा तोवर गोळा झालेला. मग आमच्यातल्या एका महाभागाला आयडिया सुचली, ‘‘गॅस टेंटमध्येच घेऊ या ना!’’ काडी ओढणार तेवढ्यात कॅम्प सांभाळणारे मामा ओरडले, ‘‘अहो, तंबूत गॅस पेटवता का कुठं? बाहेर या आधी!’’

ओरडले ते बरंच झालं. टेंटचं कापड पटकन पेटतं, एवढं आम्हालाही ठाऊक होतं. पण बंद जागेत गॅस किंवा कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जाऊ शकतो. तेव्हा कितीही थंडी असो, शेगडी बाहेरच!

मामांनी वाऱ्याच्या बाजूला, थोडं अंतर सोडून, दोन मोठे दगड लावले. चारही बाजूंनी झाकायचं नाही, सिलिंडर तापतो. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पाणी झटक्यात उकळलं. त्या दिवशी चहा-बिस्किटांवर भागवलं. पण एक गोष्ट कळली, कॅम्पवरचा नाश्ता खरं तर घरीच करायचा असतो.

पुढच्या ट्रिपला तेच केलं. चौघांसाठी दोन वाट्या जाडा रवा. घरी चार चमचे तेलात मोहरी, उडीद डाळ, शेंगदाणे, मिरच्या आणि कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईपर्यंत परतायचा. ओलावा राहिला तर मिश्रण टिकत नाही. त्यातच रवा खमंग भाजायचा, मीठ आणि चिमूटभर साखर घालायची. पूर्ण गार झालं की झिपच्या पिशवीत. बस्स! सकाळी पाच वाट्या पाणी उकळायचं, मिश्रण सोडत ढवळायचं, मंद आचेवर तीन-चार मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं झाकण. वरून लिंबू. ना चिरणं, ना पसारा!

प्लेट हातात घेऊन तळ्याकाठी बसलो. समोरचं पाणी अडवणारं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. काठ मात्र आपल्यासारख्यांच्या प्लॅस्टिकने घाण होतो. म्हणून पिशव्या, लिंबाच्या साली, सगळं परत सॅकमध्ये. आणि भांडी तळ्यात नाही, लांब नेऊन धुवायची.

मामांनाही प्लेट दिली. ‘‘मीठ जरा कमीच हाये,’’ म्हणाले आणि दुसऱ्यांदा घेतला!

कसं जाल? मुंबईहून कसारा-इगतपुरी-घोटीमार्गे, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे. ट्रेनने इगतपुरीला उतरा. पाय शिवशिवत असतील तर 1646 मीटर उंचीचं कळसूबाई जवळच आहे. उपमा खाऊनच चढा!