अर्धा शिकविलेला धडा

द्यूतासारखा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला, असें कित्येक वाचकांच्या मनांत येईल. आमच्याहि मनांत तें आलें होतें. परंतु गेल्या दिवाळींत जो प्रसंग आमच्याच माजघरांत उभा राहिला, त्यानें मौन धरण्याचा आमचा अधिकार काढून घेतला.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव स्नेह्यांसह गोव्यास गेले होते. तेथील १९७६ च्या कायद्यांत १९९६ सालीं दुरुस्ती होऊन जहाजांवर टेबलावरील जुगारास मुभा मिळाली, आणि पणजीस मांडवीच्या पात्रांत अशीं जहाजें नांगरलेलीं असतात. त्यांपैकीं एकावर चिरंजीव ब्लॅकजॅक नांवाचा पत्त्यांचा डाव खेळले, आणि धाकट्या बहिणीच्या शुल्कासाठीं ठेवलेले ६३,००० रुपये घालवून परत आले. वडिलांपुढें ते मान खालीं घालून बसले, आमच्याकडे पाहून मात्र म्हणाले, “काका, दुपटीचें गणित तुम्हींच तर शिकविलें होतें!”

खरें होतें. भूमितिश्रेढी शिकवितांना आम्ही वर्गांत म्हटलें होतें, कीं हरल्यावर रक्कम दुप्पट करीत गेल्यास एका जयानें मागचें सर्व वसूल होऊन आरंभींच्या रकमेइतका लाभ उरतो. मुलें हंसलीं, घंटा झाली, आणि पुढचा अर्धा धडा राहून गेला.

तो अर्धा धडा असा. त्या टेबलावर कमींत कमी १,००० व जास्तींत जास्त ५०,००० रुपये लावतां येत. चिरंजीव १,००० पासून ३२,००० पर्यंत दुप्पट करीत सहा वेळां लागोपाठ हरले. एकूण ६३,००० गेले. सातव्या वेळीं ६४,००० हवे होते, तेथें मर्यादा आडवी आली. आतां जय व पराजय यांचा संभव समसमान धरला, तर असे ६४ प्रयत्न केल्यास सरासरीनें ६३ वेळां हजार हजार मिळतील आणि एकदां ६३,००० जातील. बाकी शून्य! आणि जेथें मालकाचा संभव किंचित् अधिक, तेथें बाकी शून्याच्याहि खालीं.

हा किंचित् अधिकपणा कोठून येतो? डाव दिसावयास सोपा आहे. पत्त्यांची बेरीज २१ च्या शक्य तितकी जवळ न्यावयाची; चित्रांचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा; बेरीज २१ च्या पुढें गेली कीं हार. परंतु खेळणाऱ्यानें पत्ते आधीं घ्यावयाचे आणि वांटणाऱ्यानें मागाहून. दोघांचीहि बेरीज ओलांडली, तरी खेळणाऱ्याची रक्कम आधींच गेलेली असते. १९५६ सालीं अमेरिकन सैन्यांतील चौघा तरुणांनीं मेजावरच्या साध्या गणकयंत्रांवर प्रत्येक स्थितींतील उत्तम चाल काढून प्रसिद्ध केली. आपली बेरीज १६ आणि समोर सहा असेल तर थांबावें, सात असेल तर पत्ता घ्यावा. दोन अठ्ठे आल्यास त्यांचे दोन डाव करावे. नियम चांगले असल्यास या रीतीनें मालकाचा फायदा शेंकडा सुमारें अर्ध्यावर येतो. नाहींसा होत नाहीं. पुढें १९६२ सालीं एडवर्ड थॉर्प या गणितज्ञानें दाखविलें, कीं गेलेले पत्ते मोजीत राहावें, आणि उरलेल्यांत दहाच्या किंमतीचे पत्ते व एक्के अधिक असतील तेव्हांच मोठी रक्कम लावावी, म्हणजे पारडें आपल्या बाजूस झुकतें. तेव्हां मालकांनीं पत्त्यांचे जोड वाढविले आणि मोजणाऱ्यांस दार दाखविलें.

हें वाचतांना आम्हांस नलोपाख्यान आठवलें. धांवत्या रथांतून बेहड्याचीं पानें व फळें मोजून सांगणाऱ्या ऋतुपर्णानें नलास अक्षहृदय दिलें. नलानें मग एकच डाव मांडला, तो जिंकला, पुष्करास त्याचा वांटा दिला आणि द्यूत संपविलें. उलट धर्मराज हरत गेले तसे पण वाढवीत गेले, आणि सर्व परत मिळाल्यावरहि पुन्हा खेळावयास बसले. मोजणें ही अर्धी विद्या. उठणें ही उरलेली अर्धी.

चिरंजीवांनीं तेथील शिष्टाचारहि सांगितले. पैसे वांटणाऱ्याच्या हातांत न देतां टेबलावर ठेवावयाचे. एकदां लावलेल्या चकत्यांस पुन्हा हात लावावयाचा नाहीं. पत्ता हवा तर बोटानें टेबलावर टिचकी, नको तर तळहात आडवा फिरवावयाचा. वर छतांतून कॅमेरा पाहत असतो, त्यास खूण स्पष्ट दिसावी. शेजाऱ्यास उपदेश करावयाचा नाहीं. एक गृहस्थ मात्र चिरंजीवांवर रागावले, कीं तुम्हीं पत्ता घेतलात म्हणून माझा डाव गेला. वस्तुतः शेजाऱ्यानें घेतलेला पत्ता जितक्या वेळां बाधतो तितक्याच वेळां तारतो. तारल्याचें स्मरण कोणी ठेवीत नाहीं, इतकेंच.

एकंदरींत सारें विनयाचें. कोणी आग्रह करीत नाहीं, आणि कोणी थांबवीतहि नाहीं. आमच्या लहानपणीं दिवाळीचा डाव रंगांत आला म्हणजे मातुश्री येऊन पत्ते गोळा करीत व डब्यांत टाकीत. आम्हांस राग येई. त्या रागाची किंमत आज कळते.

त्या रात्रीं पाटीवर चौसष्ट घरें आंखून आम्ही धडा पुरा केला. चिरंजीव बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, “काका, बत्तीस हजार लावतांना मला कोणी थांबवायला हवं होतं.”

“बत्तीस हजारांच्या वेळीं कोणाचेंच ऐकलें नसतेंस,” आम्ही म्हणालों. “हजाराच्या आधीं सांगावयास हवें होतें, आणि तें आमचें काम होतें.”

मुलीचें शुल्क मुदतींत भरलें गेलें. निम्मी रक्कम चिरंजीव आपल्या वेतनांतून फेडीत आहेत, निम्मी आमच्या निवृत्तिवेतनांतून जाते. बंधूंनीं पुष्कळ नको म्हटलें. परंतु अर्धा धडा शिकविणाऱ्या मास्तरानें अर्धा दंड भरावा, हें गणित आम्हांस बिनचूक वाटतें.