गडग्याची ऊब

रत्नागिरीस आमचें वाडवडिलांचें घर आहे. समुद्राचा शेजार असल्यामुळें तेथें कडाक्याची थंडी पडत नाहीं; तरी माघांतल्या पहाटेस अंगावर शाल घ्यावीशी वाटते. गतवर्षीं त्याच दिवसांत कुळाचारासाठीं आम्ही सारी मंडळी तेथें जमलों होतों. एके सकाळीं आमचा दहा वर्षांचा पुतण्या कांचेची पेटी व विजेचा दिवा घेऊन पुढें उभा राहिला.

"काका, परसांतल्या गडग्यांत एक धामण आहे. तिला आपण पाळूं या. थंडी वाजूं नये म्हणून पेटींत हा दिवा लावीन."

घरांतील बायका घाबरल्या. आमचें मन मात्र चाळीस वर्षें मागें गेलें. त्याच घरांत, त्याच वयांत आम्हीं धामणीचें एक पिल्लूं कांचेच्या बरणींत ठेविलें होतें. तोंडास फडकें बांधलें, आणि त्यास ऊब मिळावी म्हणून बरणी पडवीच्या कठड्यावर ठेवून शाळेस गेलों. दुपारीं परतलों तों बरणीस हात लावितांच चटका बसला. पिल्लूं आंत उताणें पडलें होतें. आजी एक शब्दहि बोलली नाहीं. तिनें फणसाखालीं लहानसा खड्डा खणविला व आमच्याच हातांनीं त्यावर माती लोटविली. तें मौन आम्हांस अद्याप बोंचतें.

पुतण्यास ही हकीकत सांगितली आणि त्यास घेऊन परसांत गेलों.

कोंकणाबाहेरच्या वाचकांस गडगा म्हणजे काय हें सांगावयास हवें. येथील जांभा दगड खाणींतून काढतांना मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो. चुन्यामातीवांचून असे दगड एकावर एक रचून केलेली कुंपणाची भिंत म्हणजे गडगा. त्याचा वरचा थर सकाळच्या उन्हानें तापतो. आंतल्या फटी मात्र भर दुपारींहि गार राहतात.

आठाच्या सुमारास धामण वरच्या दगडांवर अंग पसरून पडली होती. आम्ही दूर बसून पाहूं लागलों. ऊन चढलें तशी ती अर्धी सांवलींत सरकली, आणि दहा वाजण्याच्या आंत फटींत दिसेनाशी झाली.

साप आपल्या देहांत पुरेशी ऊब निर्माण करूं शकत नाहीं. ती त्यास बाहेरून घ्यावी लागते. अजगराची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून स्नायूंच्या थरथरीनें त्यांस ऊब देते, हा विरळा अपवाद. अंग गार पडलें, तर गिळलेला उंदीर सापास नीट पचत नाहीं. सुमारें ३० अंश सेल्सियस उष्णता बहुतेकांस मानवते. ४० च्या पलीकडे गेली, तर प्राणावर बेततें. म्हणून सापास ऊब आणि गारवा दोन्ही हवीं असतात, आणि एकांतून दुसऱ्यांत जाण्याची मोकळीकहि. प्राणिसंग्रहालयांतहि पेटीची एक बाजू उबदार व दुसरी थंड राखितात. आमच्या बरणींतील पिल्लास पळावयास जागाच नव्हती.

"मग पेटी मोठी केली तर?" पुतण्यानें विचारलें.

रानचे साप पकडून घरीं ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे, असें आम्हीं त्यास सांगितलें. तो कायदा आमच्या लहानपणींहि होता. आम्हांस ठाऊक नव्हता इतकेंच. शिवाय धामण बिनविषारी व उंदरांचा काळ. ती परसांत मोकळी असण्यांतच घराचें हित. मात्र गडग्यांत हात घालूं नये, हेंहि बजाविलें. रत्नागिरीच्या कातळावर विषारी फुरशांची वस्ती मोठी. एकोणिसाव्या शतकांत सरकारनें तीं मारणारास बक्षीस लाविलें होतें, तरी तीं आजहि दगडांखालीं आढळतात. चावल्यास मंत्रतंत्रांत वेळ न दवडतां तडक रुग्णालय गांठावें.

पेटी माळ्यावर गेली. पुतण्यानें मात्र एक उष्णतामापक मागून घेतला. निघेपर्यंत तो रोज सकाळीं मागच्या पायरीवर बसून वहींत टिपून ठेवी: किती अंश, आणि धामण वर कीं आंत.

निघण्याच्या दिवशीं त्यानें हळूच विचारलें, "काका, पणजीनें खणविलेला खड्डा नक्की कुठें होता?"

आम्हीं त्यास फणसाखालची जागा दाखविली.