सांचीच्या कठड्यावरील नांवें

उत्तर हिंदुस्थानच्या यात्रेस निघणारी आपल्याकडील मंडळी बहुधा काशी, प्रयाग, मथुरा, हरद्वार हींच नांवें मनांत घोळवीत गाडींत बसते. भोपाळ मागें पडल्यावर थोड्याच वेळानें रुळांपासून जवळच एक ठेंगणी टेंकडी लागते, तिच्या माथ्यावर पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा एक घुमट दिसतो, आणि "तो पाहा सांचीचा स्तूप" असें कोणी म्हणेपर्यंत तो दृष्टीआड झालेला असतो. प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच कीं, वाचकांपैकीं ज्यांस सवड असेल त्यांनीं एकदां तेथें उतरावें. आणि तोरणांवरील शिल्पें पाहून झालीं कीं लगेच न परततां स्तूपाभोंवतींचा साधा, बिनकोरीव दगडी कठडा घटकाभर न्याहाळावा. तोरणांची कीर्ति जगभर झालेली आहे. कठड्याची फारशी कोणी विचारपूस करीत नाहीं. परंतु दानधर्म म्हणजे काय, हें संसारी माणसास शिकविण्याचें सामर्थ्य त्या कठड्यांत अधिक आहे, असें मला वाटतें.

आम्ही गेलों त्यास एक घरगुती निमित्त होतें. सन २०२५ च्या मार्च महिन्याच्या २८ तारखेस ब्रह्मदेशांत, म्हणजे हल्लींच्या म्यानमारांत, मोठा भूकंप झाला. मंडाले व सगाइंग ह्या शहरांची दैना झाली, विहार व पॅगोडे कोसळले, आणि तीन हजारांहून अधिक माणसें दगावलीं. मंडाले हें नांव आमच्या घरांत परकें नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९०८ ते १९१४ हीं सहा वर्षें तेथल्या तुरुंगांत काढलीं व 'गीतारहस्य' तेथेंच लिहिलें, हें आमच्या पिढीस बाळकडूबरोबर मिळालेलें आहे. तेव्हां आमच्या सौभाग्यवतीनें घरखर्चांतून वांचविलेले पांचशें रुपये तिकडील मदतकार्यास पाठवावयाचें मनांत आणिलें, आणि घरांत वाद सुरू झाला.

माझा नातू हिशेबतपासणीसाचें काम करतो. तो म्हणाला, "आजी, तिकडे कोट्यवधींचें नुकसान झालें आहे. तुझ्या पांचशें रुपयांनीं तिथली एक भिंतसुद्धां उभी राहायची नाहीं. हीं कामें सरकारांचीं नि बड्या धनिकांचीं." सूनबाईचा आक्षेप वेगळा होता. आपल्या आळींतले गरजू सोडून परमुलखांतील परधर्मीयांपर्यंत कशास जावें, असें तिचें म्हणणें. धाकट्या चिरंजीवांची शंका तिसरीच: पैसे पोंचतात कशावरून, आणि पोंचले तरी टिकतात किती दिवस? रक्कम पाठविली गेली. पण हे तीन प्रश्न घरांत तसेच राहिले. त्या वर्षीच्या थंडींत मी, सौभाग्यवती व नातू असे तिघे सांचीस गेलों, तेव्हां ते आमच्याबरोबर होतेच.

भोपाळहून सांची सुमारें ४६ किलोमीटर आहे. मोटारीनें गेल्यास वाटेंत कर्कवृत्त ओलांडावें लागतें. तेथें रस्त्यावर रेघ ओढून पाटी लावलेली आहे. भूगोल शिकवितांना जी रेषा मीं फळ्यावर हजारों वेळां काढली, ती पायाखालीं आलेली पाहून मौज वाटली. सांचीपासून पुढें विदिशा दहा किलोमीटरांवर. प्राचीन काळीं ही विदिशा भरभराटीची व्यापारी नगरी होती, आणि सांचीच्या टेंकडीचें नांव तेव्हां काकणाव असें होतें. मूळचा स्तूप अशोकाच्या काळचा, विटांचा. पुढें इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांत त्यावर दगडी आवरण चढलें व भोंवतीं कठडा झाला. तोरणें त्यानंतर सातवाहनांच्या अमदानींत उभीं राहिलीं. आजच्या स्तूपाचा व्यास सुमारें १२० फूट व उंची ५४ फूट आहे.

आतां कठड्याकडे वळूं. हें दगडी बांधकाम असलें तरी त्याची घडण सर्वस्वीं लांकडी कुंपणाची आहे. उभे खांब ते स्तंभ. त्यांच्या खोबणींत आडव्या बसविलेल्या पट्ट्या त्या सूची. आणि माथ्यावरून फिरणारी दगडांची रांग म्हणजे उष्णीष. सुतारानें लांकूड सांधावें तसे हे दगड एकमेकांत सांधलेले आहेत. ह्या घडणीमुळें एक सोय झाली. सबंध कठडा एकट्यास झेंपणारा नव्हता, परंतु एक खांब, एखादी सूची किंवा प्रदक्षिणेच्या वाटेंतील एखादी फरशी देणें पुष्कळांच्या आवांक्यांत होतें. ज्यानें जें दिलें त्यावर त्याचें नांव कोरलें गेलें. अशा दानलेखांची संख्या सांचीस सहाशेंहून अधिक आहे. राजवाड्यांतून आलेल्या एका मोठ्या देणगीवर हें काम झालेलें नाहीं. तें वर्गणीनें झालें आहे, आणि वर्गणीदारांची यादी दगडावर शाबूत आहे.

लेखांची भाषा प्राकृत आणि लिपि ब्राह्मी. संस्कृत जाणणाऱ्यास त्यांची रचना चटकन् उमगते. आधीं दात्याचें नांव, मग त्याचा धंदा अथवा गांव, हें सारें षष्ठी विभक्तींत. आणि शेवटीं एकच शब्द, 'दानं'. संस्कृतांतील 'स्य' हा प्रत्यय येथें नुसता 'स' होऊन येतो. कोणी मूलगिरि नांवाचा लेखक आहे, कोणी दमक नांवाचा विणकर. सावकार आहेत, सुतार आहेत. भिक्षु तर आहेतच, आणि भिक्षुणींची व गृहिणींची संख्या मनांत भरण्याजोगी आहे. कांहीं ठिकाणीं एकट्या माणसाऐवजीं सबंध गांव दाता आहे: वेजज नांवाच्या गांवाचें दान, एवढेंच लिहिलेलें. विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनीं दक्षिण तोरणावरील कांहीं शिल्पकाम केलें व तसें तेथें लिहून ठेविलें. त्याच तोरणाच्या दुसऱ्या एका भागावर राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या मुख्याचें, आनंदाचें, नांव आहे. राजाचें नांव तेथें आलें तें आनंद कोणाच्या पदरीं होता हें सांगण्यापुरतें, दान आनंदाचें.

एका सूचीजवळ उभें राहून मी नातवास विभक्ति समजावून देत होतों. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण आजोबा, ह्यानें दिले किती?"

मीं म्हटलें, "तें लिहिलेलें नाहीं."

त्यानें आणखी चार-पांच लेख पाहिले. कोठेंच रक्कम नव्हती. त्याच्या धंद्यांत हा मोठाच दोष समजला जात असेल. तो कांहीं बोलला नाहीं.

ह्या क्षुल्लक दानांनीं पुढें जें एक काम केलें त्याची कल्पना त्या दात्यांस स्वप्नांतही आली नसेल. ब्राह्मी लिपि कित्येक शतकें कोणास वाचतां येत नव्हती. अशोकाचे स्तंभ उभे होते, पण मुके होते. कलकत्त्याच्या टांकसाळींतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप हे त्या अक्षरांशीं झगडत असतां कॅप्टन एडवर्ड स्मिथ ह्यांनीं सांचीच्या ह्या आंखूड लेखांचे ठसे त्यांच्याकडे धाडिले. सन १८३७ मध्यें प्रिन्सेप ह्यांच्या लक्षांत आलें कीं, बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनीं व एका अनुस्वारानें होतो. देवस्थानाच्या भोंवतीं इतक्या लहान लेखांत एकच शब्द वारंवार कां यावा? त्यांनीं तर्क केला: हा शब्द 'दानं' असावा, आणि त्यामागील 'स' हा षष्ठीचा प्रत्यय. तर्क खरा ठरला. ह्या अक्षरांचा धागा धरून थोड्याच दिवसांत सारी वर्णमाला उलगडली व दिल्लीचा अशोकस्तंभ वाचला गेला. सम्राटाची वाणी जगास पुन्हा ऐकूं आली ती विणकर, लेखक व भिक्षुणी ह्यांच्या लहानशा दानांमुळें! एका दगडानें भिंत उभी राहत नाहीं, हें नातवाचें म्हणणें खरें. पण कोणता दगड पुढें कोणत्या कामास येईल, हें देणाऱ्यास ठाऊक नसतें, हेंही तितकेंच खरें.

सूनबाईच्या आक्षेपाचें उत्तरही ह्याच यादींत आहे. सांचीचे दाते केवळ विदिशेचे नाहींत. उज्जयिनी, माहिष्मती, इतकेंच काय, पुष्कर येथील लोकांचीं नांवेंही येथें सांपडतात. आपल्या मुलखापुरतें बोलावयाचें तर भरहुतचा दाखला द्यावा. हें स्थळ मध्यप्रदेशांतच सतना जिल्ह्यांत आहे, आणि तेथील प्रसिद्ध कठड्याचा मोठा भाग हल्लीं कलकत्त्याच्या संग्रहालयांत आहे. त्या कठड्यावर करहाकट, म्हणजे आपलें कऱ्हाड, ह्या नगराचें सामुदायिक दान नोंदलेलें आहे, आणि नाशिकच्या दात्याचेंही. कृष्णाकांठचे लोक दोन हजार वर्षांपूर्वीं, आगगाडी नसतां, इतक्या दूर एका स्तूपास हातभार लावीत होते. कऱ्हाडांत त्या काळीं गरजू नव्हते असें थोडेंच आहे?

राहिला परधर्माचा प्रश्न. सांचीचा जो जीर्णोद्धार जॉन मार्शल ह्यांच्या देखरेखीखालीं १९१२ ते १९१९ पर्यंत झाला, त्यास व तेथील संग्रहालयास द्रव्य पुरविलें तें भोपाळच्या सुलतान जहान बेगम ह्यांनीं. इस्लामाचें निष्ठेनें पालन करणारी ती राज्यकर्ती. तिनें बुद्धाच्या स्तूपासाठीं आपली थैली मोकळी केली. आज आपण जो नीटनेटका स्तूप पाहतों त्यांत त्या बाईंचाही वांटा आहे.

तिसरी शंका टिकाऊपणाची. तिचें उत्तर मला सर्वांत अधिक आवडलें, कारण तें एका गृहिणीनें दिलें आहे. त्याच कठड्यावर गुप्तकाळचा एक संस्कृत लेख आहे, गुप्तसंवत् १३१ चा, म्हणजे इसवी सन ४५०–५१ चा. सनसिद्ध नांवाच्या उपासकाची पत्नी हरिस्वामिनी हिनें येथील संघास १२ दीनार 'अक्षयनीवी' म्हणून दिले. अक्षयनीवी म्हणजे ज्याचें मुद्दल कधीं मोडावयाचें नाहीं असा ठेवा. त्याच्या व्याजांतून रोज एका भिक्षूस जेवण घालावयाचें. आणखी तीन दीनार रत्नगृहांत रोज तीन दिवे लावण्यासाठीं, आणि एक दीनार चार बुद्धांच्या आसनापाशीं एक दिवा लावण्यासाठीं. येथें मात्र रक्कम लिहिली आहे. ती मोठेपणा मिरविण्यासाठीं नव्हे, पुढच्यांनीं हिशेब राखावा म्हणून. आपल्याकडे गरीब विद्यार्थ्यास वार देण्याची चाल होती, ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ह्या बाईचें मन निराळें समजावून सांगावयास नको.

हीच व्यवस्था नाशिकच्या पांडवलेण्यांतही आहे. तेथें क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे व्याजानें ठेविले: २,००० दरमहा शेंकडा एक दरानें आणि १,००० पाऊण दरानें. त्यांतून लेण्यांतील भिक्षूंस वस्त्रें व इतर खर्च मिळावयाचा. राजाचा जांवई आणि एका उपासकाची पत्नी ह्यांच्या ऐपतींत केवढें अंतर! परंतु मुद्दल राखावें व फळ वांटावें, हा नियम दोघांस एकच.

ही रीत जुन्या दगडांतच राहिली असें मात्र नाहीं. तैवान बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील ह्वालिएन गांवीं १९६६ सालीं चेंग येन नांवाच्या भिक्षुणीनें 'त्झू ची' ही मदतसंस्था सुरू केली, ती तीस गृहिणींच्या बळावर. प्रत्येकीस बांबूच्या पेरापासून केलेली एक नळी दिली आणि बाजारास जाण्यापूर्वीं तींत रोज अर्धा तैवानी डॉलर टाकावयास सांगितलें. महिन्याची रक्कम एकदमच कां घेऊं नये, असें कोणी विचारलें, तेव्हां रोज टाकल्यानें रोज दुसऱ्याची आठवण होते, असा तिच्या उत्तराचा आशय होता. आज ही संस्था देशोदेशींच्या आपत्तींत धांवून जाते. मे २००८ मध्यें 'नर्गिस' वादळानें ब्रह्मदेशांतील इरावतीच्या मुखाकडील प्रदेश बुडाला, तेव्हां तिनें तेथील शेतकऱ्यांस भाताचें बियाणें दिलें. त्या शेतकऱ्यांपैकीं कित्येकांनीं पुढें रोज शिजवावयाच्या तांदुळांतून एक मूठ दुसऱ्यांसाठीं बाजूस काढण्यास आरंभ केला. मूठमूठ धान्य जमवून संस्था चालविल्याचें आपल्याकडील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. ज्याच्यावर काल आपत्ति आली तोच आज दाता होतो, हें सर्वांत मोठें व्याज होय.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्थळ पाहावें, वेळ पाहावी, पात्र पाहावें, परतफेडीची अपेक्षा धरूं नये, असें तेथें आहे. किती द्यावें, हें मात्र कोठेंही नाहीं. ही गोष्ट शाळेंत अनेकदां शिकवूनही, सांचीच्या त्या बिनरकमेच्या यादीपुढें तिचा अर्थ अधिक स्पष्ट झाला.

नातवाचें मत पालटलें असें मी म्हणणार नाहीं. मोठ्या आपत्तीस मोठें द्रव्य लागतें, हें तो अजूनही सांगतो, व त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु आतां दर महिन्यास ठराविक रक्कम बाजूस काढावयाची, निम्मी जवळच्या गरजूंस व निम्मी दूरच्यांस द्यावयाची, आणि ती पोंचल्याची पावती जपून ठेवावयाची, असें आमच्या घरीं ठरलें आहे. तो हिशेब त्यानें स्वखुषीनें आपल्याकडे घेतला आहे.

जाणाऱ्यांनीं थंडीचे दिवस निवडावे. नोव्हेंबरच्या अखेरीस तेथें यात्रा भरते, आणि सारिपुत्त व मोग्गलान ह्या बुद्धशिष्यांच्या अस्थींचें दर्शन होतें. ह्या अस्थि इंग्लंडांतून परत आल्यावर १९५२ सालीं तेथील नव्या विहारांत ठेविल्या गेल्या. गर्दी नको असेल तर पुढें-मागें जावें. प्रदक्षिणा घालतांना पायांखालच्या फरशाही पाहाव्या. त्यांवरही नांवें आहेत. कित्येक पायांनीं झिजून पुसट झालीं आहेत, कांहीं अजून वाचतां येतात. आणि ज्यांनीं त्या फरशा दिल्या त्यांच्या दानावरूनच आपण चालत असतों.