आजोबांचं रिव्हॉल्व्हर मोडीत जाऊ नये म्हणून

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना शस्त्रं पोलिस स्टेशनला जमा करायला सांगतात. निकाल लागले की बहुतेकजण पावती दाखवून ती परत आणतात. काही शस्त्रं मात्र परत घरी जातच नाहीत. ज्याच्या नावावर परवाना होता तो माणूस गेलेला असतो, मुलं पुण्यात नाहीतर कॅनडात असतात, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, ब्याद गेली.

मीरा रोडच्या अशाच एका घरून मला बोलावणं आलं. पत्रकार म्हणजे पोलिसांत वट असणार, हा आपल्याकडचा ठाम समज! घरातल्या काकूंनी परवान्याचं जुनं पुस्तक समोर ठेवलं. सासरे दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. पुस्तकात एकच ओळ : वेब्ली रिव्हॉल्व्हर, ०.३८०, पुढे क्रमांक. सासऱ्यांनंतर ते काकांच्या नावावर झालं. काका गेले तेव्हा ते एका पोलिस स्टेशनात जमा होतं, आजही तिथेच आहे. काकू म्हणाल्या, "भाऊ, मला ते विकायचं नाही आणि घरात तर नकोच. पण ते मोडीत जाऊ नये, एवढंच. कुठे विचारायचं?"

दोन-तीन खिडक्यांवर विचारलं. एकीकडे उत्तर मिळालं, "नको असेल तर सोडून द्या, पुढे नष्ट होईल." सांगणाऱ्याला दोष देत नाही. त्याच्या रजिस्टरमध्ये मालकाचं नाव आहे, नंबर आहे, तारीख आहे. इतिहास नावाचा रकानाच नाही.

आणि मित्रांनो, माझं म्हणणं त्या रकान्याबद्दलच आहे.

महायुद्धात साध्या शिपायाच्या हातात रायफल असे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मिळे ते अधिकाऱ्यांना, रणगाड्यावरच्या जवानांना, अशा मोजक्यांना. म्हणून मराठी घरात असं हत्यार मुळातच दुर्मीळ. जाणकार माणूस ते हातात घेऊन बरंच काही वाचतो. पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क ६ हे ०.४५५ चं धूड. नंतर ब्रिटिशांनी हलकं ०.३८० घेतलं. एन्फिल्डच्या एका प्रकारात घोड्याचं टोक मुद्दाम काढून टाकलेलं असतं, कारण रणगाड्याच्या अरुंद जागेत ते कुठेतरी अडकायचं. मुठीखाली दोरी अडकवायची कडी, धातूवर सरकारी बाणाचा शिक्का, दुरुस्तीच्या खुणा. हे सगळं त्या वस्तूचं आधार कार्ड समजा.

नंबराची किंमत काय असते? १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये सॉन्डर्सवर गोळ्या झाडल्या त्या आपल्या खेडच्या राजगुरूंनी आणि भगतसिंगांनी. भगतसिंगांचं ०.३२ चं कोल्ट पिस्तूल फिल्लौरच्या पोलिस प्रशिक्षण केंद्रात गेलं. तिथून ते सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्रशाळेत पोचलं. गंजू नये म्हणून काळा रंग फासलेलं, इतर हत्यारांसारखंच एक. २०१६ मध्ये पंजाबमधल्या एका पत्रकाराच्या पाठपुराव्यातून क्रमांक जुळला, १६८८९६, आणि देशाला कळलं की हे कोणाचं आहे. आता ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात आहे. कोणीतरी नंबर लिहून ठेवला होता म्हणूनच ते सापडलं.

साराजेव्होत २८ जून १९१४ ला ज्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्यांनी महायुद्धाची ठिणगी पडली, तेही असंच. क्रमांक १९०७४. जेझुइट धर्मगुरूंकडे ते अनेक दशकं पडून होतं. २००४ मध्ये पुढे आलं आणि व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात गेलं.

आता कोणी म्हणेल, मग कायदा एवढा कडक कशाला? त्याचंही उत्तर इतिहासातच आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर झाडलं गेलेलं पिस्तूल बेरेटा १९३४ होतं, क्रमांक ६०६८२४. इटालियन लष्कराच्या वापरातला हा प्रकार. नथुराम गोडसेने ते दोनच दिवस आधी ग्वाल्हेरला मिळवलं होतं. युद्धातलं हत्यार कागदाशिवाय हातोहात फिरलं की काय होतं, हे या देशाला वेगळं सांगायला नको. कायदा सैल करा असं मी म्हणतच नाही.

पण कायद्यात वाटा आहेत, त्या लोकांना माहीत नाहीत.

एक, परवानाधारक वारला की शस्त्र विनाविलंब पोलिस स्टेशनला किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. शस्त्र कायद्याचं कलम २१. कपाटात लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते कितीही जुनं असो. पावती जपा, कारण मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं.

दोन, २०१६ च्या नियमांत वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. धारक सत्तरीला पोचला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर हयातीतच वारस नेमता येतो. घरात वडीलधारे असतील तर हे आजच बोलून घ्या.

तीन, ०.४५५, ०.३८०, ९ मिलिमीटर हे युद्धातले बोअर प्रतिबंधित गटात मोडतात. त्यांची परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात.

चार, 'शोभेचं आहे, काही लागत नाही' हे आपल्या मनाने ठरवू नका. कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे. २०२० मध्ये दुर्मीळ 'क्युरिओ' शस्त्रांना सवलत दिली, पण वापरायला आणि ने-आण करायला परवाना लागतोच. आपलं शस्त्र कशात बसतं ते परवाना शाखेकडून लेखी घ्या.

काकूंच्या मुलाने वारस म्हणून अर्ज केला आहे. आपलं आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, त्याआधी आपण ठाणे ग्रामीणमध्ये होतो. म्हणजे जुनी फाईल तिकडची आणि नवा अर्ज इकडचा. चालू आहे.

दरम्यान ते रिव्हॉल्व्हर गंजतंय. भाईंदरची हवा मिठागरांची, त्यात चार महिने पावसाळा. चामड्याच्या म्यानात ठेवलेलं हत्यार सर्वांत आधी खराब होतं, कारण चामडं ओल धरतं. हत्यार वेगळं, म्यान वेगळं. खोबरेल किंवा गोडं तेल नको, ते चिकट होऊन धरतं. बंदुकीच्या तेलाचा पातळ हात पुरे. उघड्या बोटांचा घामही गंज आणतो. आणि चकचकीत करायच्या नादात पॉलिश पेपर तर अजिबात नको, शिक्के आणि नंबर पुसले की उरतं नुसतं लोखंड. अमेरिकेत स्वस्त गोळी बसावी म्हणून असंख्य वेब्लींची चक्रं घासून काढली. आज संग्राहक मूळ चक्राचं वेब्ली शोधत फिरतात.

आपण चौकला धारावी किल्ल्यावर चिमाजी अप्पांना मानवंदना देतो. गडांवरच्या तोफांना सागवानी गाडे बसवणारी पोरं महाराष्ट्रभर आहेत, त्यांना सलाम. पण १७३९ चं लोखंड वारसा आणि १९४३ चं लोखंड भंगार, हा हिशेब मला पटत नाही.

मागणी साधी आहे. जमा शस्त्रं नष्ट करण्याआधी त्यांची बनावट, क्रमांक, शिक्के आणि फोटो यांची यादी करा. ती राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला दाखवा. ज्या कुटुंबाला शस्त्र संग्रहालयाला द्यायचं आहे, त्याला एकाच ठिकाणी अर्ज करता येऊ द्या. यात सुरक्षेला धक्का कुठे लागतो, मला सांगा.

आणि तुमच्या घरी असं काही असेल, तर शस्त्र नियमाप्रमाणे जमा करा, पण त्याआधी परवान्याच्या पुस्तकाची झेरॉक्स काढा. आजोबा कोणत्या पलटणीत होते, कुठे लढले, ते आजीला विचारून कागदावर उतरवा. लोखंड सरकारकडे राहील. गोष्ट मात्र फक्त तुमच्याच घरात आहे, आणि आजी आहे तोवरच.