दार्जिलिंगचें प्राणिवन

दार्जिलिंगास जाणारा प्रवासी बहुधा टायगर हिलवरील सूर्योदय आणि चहाचे मळे पाहून परततो. आम्हीं मात्र एक सबंध सकाळ तेथील पद्मजा नायडू हिमालयी प्राणिसंग्रहालयासाठीं राखून ठेविली होती. बरोबर आत्याबाई होत्या. “मुक्या जिवांना कोंडून ठेवायचें आणि आपण तिकीट काढून पाहायचें, हा कसला धर्म?” असें त्यांनीं चढणीवरच विचारलें. प्रश्न रास्त होता. आम्ही निरुत्तर झालों.

सुमारें ७००० फूट उंचीवरील ही संस्था १९५८ सालीं स्थापन झाली. पुढें तिला सरोजिनी नायडूंच्या कन्या व पश्चिम बंगालच्या माजी राज्यपाल पद्मजा नायडू यांचें नांव देण्यांत आलें. उतारावर धुपीचे उंच वृक्ष, बुंध्यांवर शेवाळ, आणि क्षणांत येणारें व क्षणांत विरणारें धुकें! मैदानांतला उन्हाळा ज्यांस सोसवणार नाहीं असे हिमबिबटे, हिमालयी लांडगे आणि तांबडे पांडे येथें आपल्याच हवेंत राहतात.

एका फांदीवर तांबडा पांडा झोंपला होता. मांजराहून किंचित् मोठा देह आणि कड्याकड्यांचें झुपकेदार शेपूट. बांबूचीं पानें हें त्याचें मुख्य अन्न. रान तुटलें कीं त्याचें घर आणि अन्न दोन्हीं एकदम नाहींशीं होतात. म्हणून येथें त्यांची वीण वाढविण्याचा उद्योग चालतो. हिमबिबट्यांसाठीं तर तो १९८३ पासून सुरू आहे. जोडी जुळवितांना प्रत्येकाची वंशावळ पाहून जवळचें नातें टाळतात. हें ऐकून आत्याबाई प्रथमच हंसल्या. “म्हणजे यांचेंही गोत्र पाहतात म्हणा कीं!”

२००३ सालीं येथील दोन माद्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या रानांत सोडण्यांत आल्या. एक भक्षकाच्या तोंडीं पडली. दुसरी मात्र रानांत रुळली आणि तिला तेथेंच पिल्लूं झालें.

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. आमच्या मनांत आलें कीं, परत धाडण्याची आस्था जागी आहे तोंवरच या जागेस आश्रयस्थान म्हणावें. ती सरली कीं उरेल तो नुसता कोंडवाडा.

निघतांना त्या पुन्हा त्या फांदीपाशीं थांबल्या आणि हलक्या आवाजांत म्हणाल्या, “याची पाळी केव्हां रे येणार?”