आईचे सहा गठ्ठे

आई गेल्यावर तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. त्यानंतर उरले कागद. कोषागाराला कळवून पेन्शन थांबवायची, बँकेची खाती, घरपट्टी, वीजबिलावरचं नाव, गावाकडच्या शेताचा सातबारा. एरवी घरातलं माणूस गेलं की काय कुठे ठेवलंय ते शोधण्यातच महिने जातात. आम्हाला काहीच शोधावं लागलं नाही. आईने महसूल खात्यात उभी हयात काढली होती आणि घरचं लोखंडी कपाटही तिने कचेरीतल्या दफ्तरासारखं लावलं होतं.

सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धत असते. हातात असलेलं काम एका गठ्ठ्यात. ज्याचं उत्तर बाहेरून यायचंय ते 'प्रतीक्षाधीन' म्हणून दुसऱ्यात. ठरल्या मुदतीला करायची नियतकालिकं, कायम लागणारे स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद यांचे गठ्ठे वेगळे आणि नष्ट करायच्या कागदांचा सगळ्यात शेवटी. आईच्या कपाटात हेच सहा गठ्ठे जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत बांधलेले होते. नियतकालिकांत विम्याचा हप्ता आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. स्थायी आदेशांत आमचे जन्मदाखले, बाबांचा मृत्यूदाखला, घराचं खरेदीखत. शेवटच्या गठ्ठ्यात किराण्याच्या पावत्या आणि वर पेन्सिलीने लिहिलेलं : 'ड वर्ग, वर्षाने फाडणे.' दादाला त्याही परिस्थितीत हसू आलं.

1975 साली ती तहसील कचेरीत लिपिक म्हणून लागली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं; वेगळा जिल्हा झाला तो 1982 साली. कचेरीत बाई नवीन होती. टेबलापुढे आलेला एखादा म्हातारा सवयीने 'भाऊसाहेब' म्हणायचा आणि मग जीभ चावायचा. 1972च्या दुष्काळाची आठवण अजून ताजी होती. रोजगार हमीच्या कामांची मस्टरं तिच्याकडे तपासायला यायची. वेगवेगळ्या नावांपुढे एकाच अंगठ्याचे ठसे दिसले की ती भिंग काढायची. ज्याच्या नावावर मजुरी उचलली गेली त्याला ती मिळाली का, एवढंच तिला बघायचं असायचं. त्यापायी वरिष्ठांची बोलणीही तिने खाल्ली.

पुढे दुय्यम सेवा परीक्षा, मग महसूल अर्हता परीक्षा. भाकरी थापताना तिच्यासमोर पिठाच्या डब्याला टेकवून जमीन महसूल अधिनियम, 1966 उघडा असायचा. बाबा शाळेत मास्तर; ते कलमाचा आकडा विचारायचे आणि तव्यावरची भाकर उलटत ती उत्तर द्यायची. फेरफाराच्या कलमांच्या, म्हणजे 149, 150च्या पानांवर ज्वारीच्या पिठाचे डाग अजून आहेत.

किल्लारीबद्दल ती फारसं बोलत नसे. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. झोपेतच घरं अंगावर आली. त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. आईला पंचनाम्यांवर आणि याद्यांवर नेमलं होतं. बऱ्याच दिवसांनी घरी आली तेव्हा तिच्या चपलांच्या शिवणीत पांढरी माती बसली होती. तिने सांगितलेली एकच गोष्ट मला नीट आठवते. एका यादीत 'मुलगी, वय अंदाजे सहा' असं लिहून आलं होतं. आईने ते घेतलं नाही. गावातले वाचलेले गुरुजी शोधून त्यांना पहिलीतल्या मुलांची नावं आठवायला बसवलं, शेजाऱ्यांना विचारलं आणि त्या पोरीचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, लिहून घेतलं. "तिच्या घरचं विचारायला येणारं कुणी उरलं नव्हतं," आई म्हणाली, "म्हणून तर नीट लिहायला हवं होतं."

पुढे ती मंडळ अधिकारी झाली. तलाठी फेरफार धरतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. वारसाची नोंद असली की चावडीवर ठरलेलं दृश्य : भाऊ पुढे, बहिणी डोक्यावर पदर घेऊन मागे. "बहिणींचं काही म्हणणं नाही, बाई. साडीचोळी केलीय. हक्क सोडतायत. एकाच नावावर असलं की सोपं पडतं." आई विचारायची, "सोपं कुणाला?" मग भावांना चहाला पाठवायची आणि बहिणींना जवळ बसवून सगळा जबाब वाचून दाखवायची. 1956च्या कायद्याने बापाच्या मागे मुलगी वारस आहे, हे सांगायची. जून 1994 पासून महाराष्ट्राने वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मतः हिस्सा दिला, तेव्हापासून तेही सांगायची. ऐकूनही बहुतेक जणी अंगठा द्यायच्या. "माहेर तुटंल, बाई," म्हणायच्या. आई कुणाला अडवत नसे. क्वचित एखादी हात मागे घ्यायची आणि त्या दिवशी गावातून निघताना आईला चहाही मिळायचा नाही.

आम्हाला कोडं पडायचं ते वेगळंच. मामाच्या शेतात आईचा हिस्सा नव्हता. आजोबांच्या मागे तिनेही हक्क सोडला होता. कॉलेजात असताना मी त्यावरून तिच्याशी भांडले. गावभरच्या बायकांना कायदा सांगतेस आणि स्वतः? ती शांतपणे म्हणाली, "मामाने माझ्या शिक्षणासाठी स्वतःची शाळा सोडली. मला माझा हिस्सा किती, तो कुठल्या गटात, सगळं ठाऊक होतं. वाचून सही केली. द्यायला माझी ना नाही गं. पण काय देतोय ते देणाऱ्याला कळायला नको?" तिचं सगळं म्हणणं या उत्तरात आहे, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र ते पटलं नव्हतं, आणि आजही पूर्ण पटत नाही. तिचा मामाशी असलेला हिशेब मला मान्य आहे. पण तिच्यासारखी वाचून सही करणारी बाई शंभरात एखादी असते आणि बाकीच्या जणी तिच्याच सहीचा दाखला ऐकत अंगठा देतात.

निवृत्त झाली ती नायब तहसीलदार म्हणून. त्यानंतरही ओट्यावर माणसं यायचीच. निराधार योजनेचा अर्ज, सातबाऱ्यावरच्या चुकीची कलम 155खाली दुरुस्ती, हयातीचा दाखला. ती अर्ज लिहून द्यायची, पैसे घ्यायची नाही आणि शेवटी एकच बजावायची : "दिलास की पोच घे. पोच नसेल तर तू गेलाच नव्हतास असं धर."

गेल्या महिन्यात आम्ही दोघं गावी गेलो. बाबांच्या मागे शेतावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली होती. आता आईचं नाव कमी करायचं होतं. तलाठी तरुण आणि मनमिळाऊ मुलगा. त्याने कागद पाहिले, सगळे बरोबर आहेत म्हणाला आणि दादाकडे वळून सुचवलं, "साहेब, ताई तर पुण्यात असतात. निबंधकाकडे हक्कसोड करून घ्या की. एकाच नावावर असलं म्हणजे पुढे सोपं पडतं."

मी काही बोलायच्या आत दादाने विचारलं, "सोपं कुणाला?"

तलाठ्याने दोघांची नावं ठेवली. निघताना दादाने पोच मागून घेतली.